तरंगांचे अपवर्तन : पाण्याचा तळ जवळ का भासतो?

छत्तीसगढची राजधानी रायपूर तलावांसाठी प्रसिद्ध आहे. विवेकानंद सरोवर या नावाने ओळखला जाणारा बूढा तालाब आणि तेलीबांधा हे त्यांपैकी प्रमुख होत. अशा कोणत्याही तलावाच्या काठावरून स्वच्छ पाण्यात पाहिल्यास तळ प्रत्यक्षापेक्षा वर आलेला दिसतो. हा भास अपवर्तनामुळे होतो. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरपे शिरताना तरंगाची दिशा बदलणे म्हणजे अपवर्तन. यालाच वक्रीभवन असेही म्हणतात.

दिशा का बदलते?

प्रकाशाचा वेग निर्वातात सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. पाण्यात तो सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर होतो. या दोन वेगांचे गुणोत्तर, म्हणजे १.३३, हा पाण्याचा अपवर्तनांक होय. तरंग तिरपा आल्यास त्याच्या आघाडीचे एक टोक आधी पाण्यात शिरते व मंदावते. दुसरे टोक मात्र हवेत पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. परिणामी संपूर्ण आघाडी वळते. बैलगाडीचे एक चाक वाळूत रुतले की गाडी त्या बाजूस वळते, तसाच हा प्रकार आहे. तरंग पृष्ठभागावर सरळ लंबरूप पडला, तर त्याचा वेग बदलतो, परंतु दिशा बदलत नाही.

सीमेवर दर सेकंदाला जितके तरंग येतात तितकेच पुढे जातात. त्यामुळे वारंवारता कायम राहते, तरंगलांबी मात्र बदलते.

या वळणाचा गणिती नियम डच शास्त्रज्ञ विलब्रॉर्ड स्नेल यांनी १६२१ मध्ये शोधला. बगदादचे विद्वान इब्न साहल यांनी तो इ. स. ९८४ च्या सुमारास मांडला होता. या नियमानुसार हवेतून ४५ अंशांच्या कोनात आलेला किरण पाण्यात सुमारे ३२ अंशांचा कोन करतो.

फसवी खोली

तळाकडून येणारे किरण पाण्याबाहेर पडताना लंबापासून दूर वळतात. डोळा मात्र ते सरळ रेषेत आले असे मानतो. त्यामुळे वरून पाहता २ मीटर खोल पाणी दीड मीटरच भासते. तिरपे पाहिल्यास ते याहूनही उथळ दिसते. पाणी छातीपर्यंत किंवा गळ्यापर्यंतच असेल असे समजून उतरणाऱ्याच्या डोक्यावरून पाणी जाऊ शकते. म्हणून अपरिचित तलावाची खोली नजरेने ठरवू नये, काठी बुडवून मोजावी. काठी पाण्यात वाकलेली दिसते, पण तिच्यावरील ओलाव्याची खूण खरी खोली सांगते.

आकाशात आणि सागरात

वातावरणातही अपवर्तन घडते. क्षितिजावर ते सुमारे अर्धा अंश असते. त्यामुळे रायपूरसारख्या ठिकाणी सूर्य प्रत्यक्ष उगवण्यापूर्वी दोन-अडीच मिनिटे आधी दिसू लागतो आणि मावळल्यानंतरही तितकाच वेळ दिसत राहतो.

कोकण किनाऱ्यावर लाटा तिरप्या आल्या, तरी उथळ पाण्यात मंदावून त्या किनाऱ्याशी जवळजवळ समांतर होतात. ध्वनीचे वर्तन प्रकाशाच्या उलट असते. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर असलेला त्याचा वेग पाण्यात सुमारे १,४८० मीटर होतो. त्यामुळे पाण्यात शिरताना तो लंबापासून दूर वळतो.

रेडिओलहरीही या नियमास अपवाद नाहीत. दिवसा आयनांबराचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री हा थर जवळजवळ नाहीसा होतो. मग वरच्या थरांत हळूहळू वळत या लहरी पुन्हा जमिनीकडे येतात. दिवसा ऐकू न येणारी दूरची केंद्रे रात्री ऐकू येतात, ती यामुळेच.