हैदराबादचा महापौर नेमका कोणत्या पक्षाचा? दोन पक्षांच्या आधारावर चालणाऱ्या पदाची सविस्तर माहिती

नांदेड, लातूर, बिदर, आदिलाबाद या पट्ट्यातली कितीतरी घरं हैदराबादशी जोडलेली आहेत. कोणाचा मुलगा तिथं नोकरीला आहे, कोणाची लेक काचीगुड्याला दिलेली आहे, कोणाचा माल बेगम बाजारातून येतो. घराचा मालमत्ता कर, जन्माचा दाखला, दुकानाचा परवाना, तुंबलेला नाला, काहीही काम निघालं की लोक विचारतात, "तिथं महापौर कोणाचा आहे?" या प्रश्नाला एका पक्षाचं नाव घेऊन उत्तर देता येत नाही. गेल्या चाळीस वर्षांत हैदराबादचा महापौर बहुतेक वेळा एका पक्षाचा आणि त्याला लागणारी मतं दुसऱ्या पक्षाची, असंच चाललं आहे.

आकडे काय सांगतात?

१६ एप्रिल २००७ रोजी जुन्या महापालिकेत आजूबाजूच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती मिळवून बृहन्हैदराबाद महापालिका, म्हणजे जीएचएमसी, तयार झाली. वॉर्ड १५०. त्यानंतर तीन निवडणुका झाल्या.

- २००९ : काँग्रेस ५२, तेलुगू देसम ४५, मजलिस (एमआयएम) ४३, भाजप ५, बाकी इतर.
- २०१६ : टीआरएस ९९, मजलिस ४४, भाजप ४, काँग्रेस २, तेलुगू देसम १.
- २०२० : टीआरएस ५६, भाजप ४८, मजलिस ४४, काँग्रेस २.

१५० मध्ये साधं बहुमत ७६ चं. ते एकट्याच्या बळावर मिळालं फक्त २०१६ मध्ये. त्या वेळी बोंतू राममोहन महापौर झाले आणि त्यांना कोणाकडे बघायची गरज पडली नाही. बाकी दोन्ही वेळा भागीदार लागला.

मजलिसचा आकडा बघा. ४३, ४४, ४४. बाकी पक्ष वरखाली झाले, हा पक्ष जागचा हलला नाही. म्हणून सत्तेवर कोणीही येवो, बेरीज करताना मजलिसकडे बघावंच लागतं.

भागीदारी कशी चालली?

ही पद्धत जीएचएमसीच्या आधीची आहे. दीर्घ खंडानंतर १९८६ मध्ये जुन्या महापालिकेची निवडणूक झाली आणि मजलिस-काँग्रेस यांच्या समझोत्यातून महापौर होत गेले. के. प्रकाश राव, ए. सत्यनारायण, अलमपल्ली पोचय्या या हिंदू महापौरांची नावं मजलिसचे नेते आजही भाषणात घेतात. २००२ मध्ये महापौर थेट जनतेतून निवडला. तेलुगू देसमचे तीगला कृष्णा रेड्डी निवडून आले, पण सभागृहात त्यांच्या पक्षाचं बहुमत नव्हतं. म्हणजे ठराव मंजूर करायचा तर विरोधकांशी बोलणं आलंच.

२००९ ची वाटणी सर्वात सरळ होती. आधी काँग्रेसच्या बंडा कार्तिका रेड्डी महापौर आणि उपमहापौर मजलिसचा. जानेवारी २०१२ मध्ये खुर्च्यांची अदलाबदल झाली, मजलिसचे माजिद हुसेन महापौर आणि उपमहापौर काँग्रेसचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मजलिसने काँग्रेसचा पाठिंबा केंद्रात आणि राज्यात काढून घेतला. तरी महापौर मुदत संपेपर्यंत, डिसेंबर २०१४ पर्यंत, पदावर राहिले. वर भांडण झालं म्हणून खाली कारभार मोडला नाही.

२०२१ चं गणित वेगळं. प्रचारात टीआरएसने मजलिसशी युती नसल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी महापौर निवडताना मात्र मजलिसने टीआरएसला मतं दिली. के. केशव राव यांच्या कन्या गद्वाल विजयालक्ष्मी महापौर आणि मोते श्रीलता रेड्डी उपमहापौर झाल्या. दोन्ही पदं टीआरएसकडे, मजलिसला एकही नाही. जाहीर करार नव्हता, त्यामुळे कोणत्या अटीवर पाठिंबा दिला हे मतदाराला विचारताही आलं नाही. २००९ च्या वाटणीत निदान कोणाला काय मिळालं ते उघड दिसत होतं.

पक्ष बदलला, खुर्ची तीच

३० मार्च २०२४ रोजी विजयालक्ष्मी यांनी बीआरएस (पूर्वीची टीआरएस) सोडून काँग्रेसमध्ये प्रवेश केला. उपमहापौर त्याआधीच गेल्या होत्या. ज्या पक्षाचे अवघे २ नगरसेवक निवडून आले होते, त्या पक्षाकडे शहराचं महापौरपद गेलं. दोघींनाही राजीनामा द्यावा लागला नाही.

याचं कारण कायद्यात आहे. राज्यघटनेतली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची खासदार-आमदारांपुरती आहे. नगरसेवकांसाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागतो. महाराष्ट्रात असा कायदा १९८६ चा आहे. शिवाय जीएचएमसीत पहिली चार वर्षं महापौरांवर अविश्वास ठराव आणता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही चार वर्षं पूर्ण झाली, अविश्वासाची चर्चाही झाली, पण महापौर कायम राहिल्या. त्याच महिन्यात स्थायी समितीच्या जागा काँग्रेस आणि मजलिस यांनी आपसात वाटून बिनविरोध भरल्या.

इथं एक फरक समजून घ्यायला हवा. दोन पक्षांनी उघड बसून कारभार वाटून घेणं वेगळं आणि निवडून एका पक्षाकडून येऊन सत्ता बदलली की दुसरीकडे जाणं वेगळं. दोन्हीला "शहराच्या विकासासाठी" हेच कारण सांगितलं जातं. पहिल्यात मतदाराला जाब विचारायला दोन पक्ष मिळतात, दुसऱ्यात एकही नीट मिळत नाही.

आपल्याकडे आणि तिकडे

- मुदत : महाराष्ट्रात महापौर अडीच वर्षांचा, हैदराबादेत पाच वर्षांचा.
- मतदार : महाराष्ट्रात फक्त नगरसेवक मत देतात. हैदराबादेत आमदार, खासदार, विधान परिषद सदस्यही पदसिद्ध म्हणून मत देतात. २०२१ मध्ये असे ४४ जण होते. म्हणून राज्यात ज्याची सत्ता, त्याचं पारडं आधीच जड.
- स्थायी समिती : महाराष्ट्रात तिचा सभापती वेगळा असतो. हैदराबादेत महापौरच अध्यक्ष.
- अंमलबजावणी : दोन्हीकडे आयुक्तांच्या हाती.

नांदेडचं उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये मजलिसने नांदेड-वाघाळा महापालिकेत ११ जागा जिंकल्या आणि हैदराबादचा पक्ष महाराष्ट्रात आला. २०१७ मध्ये काँग्रेसने ८१ पैकी ७३ घेतल्या, भागीदाराचा प्रश्नच उरला नाही.

महापौरांच्या हातात किती?

पिण्याचं पाणी आणि ड्रेनेज वेगळ्या जलमंडळाकडे आहे. महानगराचं नियोजन एचएमडीएकडे, मेट्रो वेगळ्या कंपनीकडे. २०२४ पासून तलाव-नाल्यांवरची अतिक्रमणं काढायला 'हायड्रा' ही यंत्रणा आली. यातलं काहीच महापौरांच्या ताब्यात नाही. महापौर सभा चालवतात, स्थायी समितीत कामं आणि खर्च मंजूर करतात. त्यामुळे दोन पक्षांचा समझोता खुर्चीपुरता राहिला तर शहराला त्याचा फारसा फायदा नाही. तो कामांच्या यादीवर झाला, तरच राज्य सरकारसमोर महापौरांच्या शब्दाला वजन येतं.

पुढे काय?

निवडून आलेल्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत १० फेब्रुवारी २०२६ ला संपली. त्याआधी, डिसेंबर २०२५ मध्ये, आसपासच्या २७ नागरी संस्था महापालिकेत घेऊन वॉर्ड १५० चे ३०० करण्यात आले. निवडणुकीविना राहण्याचा अनुभव या शहराला नवा नाही. १९९१ ते २००२, २००७ ते २००९, डिसेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१६, इतका काळ नगरसेवकच नव्हते. नांदेडलाही ऑक्टोबर २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं, पण दोन्ही राज्यांत ते पाळलं जात नाही. सभागृहच नसेल तर एक पक्ष काय आणि दोन काय, बोलायला कोणीच नाही.

नगरसेवक नसताना हैदराबादेतल्या आपल्या लोकांनी तक्रार वॉर्ड किंवा सर्कल कार्यालयात लेखी द्यावी, पोच घ्यावी. सोमवारच्या 'प्रजावाणी'तही अर्ज घेतात. आणि निवडणूक लागली, उमेदवार दारात आला, तर त्याला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. बहुमत नाही मिळालं तर कोणाबरोबर बसणार? आणि बसताना आमच्या वॉर्डासाठी काय लिहून घेणार?