चोक गेला, सवय राहिली: थंडीत गाडी गरम करण्याचा इतिहास

१/ डिसेंबर-जानेवारीत पिंपरी-चिंचवडचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की पहिल्या पाळीच्या आधी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक जुना विधी सुरू होतो. गाडी चालू करून ती जागेवरच पाच-दहा मिनिटे घुरघुरत ठेवायची. हा विधी आला कुठून? उत्तराचा बराचसा भाग याच औद्योगिक पट्ट्यात सापडतो.

२/ मुळाशी आहे पेट्रोलचा स्वभाव. द्रवरूप पेट्रोल नव्हे, त्याची वाफ जळते. थंडीत वाफ कमी होते, म्हणून थंड इंजिनाला हवेच्या मानाने अधिक पेट्रोल लागते. कार्ब्युरेटरच्या काळात मिश्रण असे दाट करण्याचे काम चोक करीत असे आणि चोक चालकाच्या हाती असे.

३/ १९७२ साली आकुर्डीहून बजाजची चेतक निघाली. चोक ओढायचा, किक मारायची. तरीही ऐकली नाही तर स्कूटर एका अंगावर तिरकी करायची, हे त्या पिढीला पाठ होते. फियाटसारख्या मोटारींतही चोकची खुंटी असे. चोक लवकर ढकलला तर इंजिन बंद पडे, ओढलेलाच राहिला तर प्लग काजळत. त्या यंत्रापाशी थांबणे हेच शहाणपण होते.

४/ डिझेलची रीत निराळी. १९९८ साली पिंपरीच्या टेल्कोने आणलेल्या इंडिकाच्या डिझेल गाडीत किल्ली अर्धी फिरवून वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागे. तेवढ्या क्षणांत हीटर प्लग तापत.

५/ पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तोवर इंधन इंजेक्शन रूढ झाले होते. सेन्सर इंजिनाचे तापमान पाहतो आणि संगणक पेट्रोल मोजून देतो. चालकाचे जुने कसब यंत्राने स्वतःकडे घेतले.

६/ मग गाडी गरम करण्याची किफायतशीर रीत कोणती? चालू केल्यावर सुमारे अर्धा मिनिट थांबावे, तेल सर्वत्र पोहोचू द्यावे आणि निघावे. पहिली काही मिनिटे रेस न देता, सौम्य वेगाने चालवावे. जागेवरच्या इंजिनात इंधन थोडे जळते, त्यामुळे उष्णताही थोडीच निर्माण होते. चालत्या गाडीचे इंजिन लवकर तापते. गिअरबॉक्स आणि चाकांची बेअरिंगे तर गाडी चालल्याशिवाय तापतच नाहीत. शिवाय थंड इंजिनातले जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते.

७/ प्रश्न केवळ इंधनाचा नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. युरोपातील जुन्या चाचणीत इंजिन चालू झाल्यावरची पहिली ४० सेकंदे मोजलीच जात नसत. २००० साली ही सवलत रद्द झाली. सर्वांत मलिन धूर नेमका तेव्हाच निघतो, हे नियमांनीही मान्य केले. आपल्या पार्किंगमध्ये तो धूर शेजाऱ्याच्या खिडकीत आणि शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या श्वासात जातो. बंदिस्त तळघरात तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो.

८/ २०१९ साली चेतक परतली, ती विजेवर चालणारी होऊन, चाकणच्या कारखान्यातून. तिला ना चोक, ना किक. वडीलधाऱ्यांनी शिकवलेली सवय त्यांच्या गाडीसाठी योग्यच होती. आपल्या दारातली गाडी मात्र निराळी आहे; उद्या सकाळी ती चालू करून अर्ध्या मिनिटात निघून पाहा.