यंत्राचा रिकामा वेळ

घरांतील संगणकावर कोणतें काम यंत्राचा किती वेळ घेतें, हें दाखविणारा एक तक्ता असतो. विंडोजच्या त्या तक्त्यांत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नांवापुढें पुष्कळदां नव्वदांहून अधिक आंकडा दिसतो. आणि हा कोण चोर माझें यंत्र खात आहे, म्हणून गृहस्थ घाबरतो. वस्तुतः तो आंकडा खर्चाचा नसून शिलकेचा आहे.

या शिलकेलाही इतिहास आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ सुरू झाला, तेव्हां देशांत संगणक बोटांवर मोजण्याइतकेच होते. अशा यंत्राचा रिकामा क्षण म्हणजे नासाडी. म्हणूनच १९६१ सालीं अमेरिकेंत एम. आय. टी. येथें एका यंत्राचा वेळ अनेकांत वांटण्याची पद्धति दाखविण्यांत आली. पुढें यंत्र घरोघर आलें आणि अडचण उलटली. १९८१ च्या डॉसमध्यें मनुष्य विचार करीत बसला, तरी यंत्र ‘कळ दाबली काय?’ असें सामान्यतः सारखें विचारीत राही आणि वीज जाळी. १९७८ सालच्या इंटेल ८०८६ मध्यें ‘हॉल्ट’ ही आज्ञा होतीच. ‘हांक येईपर्यंत स्वस्थ रहा’, एवढाच तिचा अर्थ. आमच्या उमरीसारख्या लहान स्टेशनावर दोन गाड्यांच्या मध्यंतरीं माणसें विसांवतात आणि घंटा होतांच उठतात, तसेंच हें. १९९६ च्या ‘एसीपीआय’ नियमांनीं डुलकीपासून गाढ झोंपेपर्यंत या विश्रांतीच्या पायऱ्या ठरविल्या.

दरम्यान हा रिकामा वेळ दान मागणारेही निघाले. मे १९९९ पासून मार्च २०२० पर्यंत बर्कलेच्या ‘सेटी ॲट होम’नें घरोघरचीं यंत्रें परग्रहांवरील संकेत शोधण्यास लावलीं. २००५ पासून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ लायगो वेधशाळांच्या नोंदी तपासीत आलें आहे. २०१० सालीं तर अशाच घरगुती यंत्रांनीं अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा हुडकला. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ परिसरांत, लायगोची भारतीय वेधशाळा उभारण्यास २०२३ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजुरी दिली, हें येथें आवर्जून सांगावेंसें वाटतें.

परंतु एक विवेक हवा. जुनें यंत्र रिकामें असतांही जवळजवळ तितकीच वीज खाई; आजचें यंत्र विसांव्यांत ती वांचवितें. त्यामुळें हें दान आतां फुकट राहिलेलें नाहीं. त्याची किंमत विजेच्या देयकांत उमटते. तें समजून ज्यानें त्यानें द्यावें. आणि शिलकेचा आंकडा मोठा दिसला, तर भिऊं नये. आपण कांहींच करीत नसतां तो सतत लहान राहिला, तरच यंत्रास कोण झोंपूं देत नाहीं, याचा शोध घ्यावा.