अँडरसनसाहेबांच्या छपरावरचा भोपळा

गेल्या विकांताला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पहिला दुधी धरला! रंगाची २० लिटरची रिकामी बादली, तळाला भोकं आणि ग्रिलला बांधलेली नायलॉनची दोरी, एवढंच भांडवल. आधी मी टाळाटाळच करत होतो. एवढ्याशा बाल्कनीत दुधी? त्यापेक्षा पुदिना बरा. पण आजी फोनवर म्हणाली, "अरे, वेलाला जमीन कुठे लागते? आधार लागतो. आपला भोपळा कुठे असायचा? गोठ्याच्या छपरावरच ना?"

तर मंडळी, वेल दोरीवर चढेपर्यंत या विषयावर थोडं वाचन झालं, आणि गाडी थेट दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनला जाऊन पोचली.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटन आपलं निम्म्याहून जास्त अन्न जहाजांनी बाहेरून आणत होतं. जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवणार हे उघड होतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये सरकारने लोकांना घरीच भाजी पिकवायला सांगितलं. 'डिग फॉर व्हिक्टरी', म्हणजे विजयासाठी खणा! टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे झाले.

पण शहरातल्या छोट्याशा परसात आधीच एक पाहुणा येऊन बसला होता: अँडरसन शेल्टर. पन्हळी पत्र्याची, साधारण साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद खोपटी. बॉम्ब पडायला लागले की सहा माणसांनी आत शिरायचं. ती चार फूट जमिनीत पुरायची आणि वर किमान १५ इंच माती टाकायची. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी कमाई असेल तर फुकट, नाहीतर ७ पौंड. आत ओल, थंडी आणि कधी कधी घोट्याइतकं पाणी.

आता परसातली जागा या खोपटीने खाल्ली, तर भाजी लावायची कुठे? लोकांनी तिच्या डोक्यावरच लावली. मातीच्या त्या उतारावर मॅरोचे वेल सोडले. मॅरो म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचाच भाऊबंद, दिसायला जाडजूड दुधीसारखा. मूळ हातभर मातीत, आणि पसारा सगळा छपरावरून खाली. आजीचंच तत्त्व!

इथे मला एक गंमत सापडली. ज्यांचं नाव या शेल्टरला मिळालं ते सर जॉन अँडरसन १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. १९३४ मध्ये दार्जिलिंगला क्रांतिकारकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यातून ते वाचले. आणि बंगालीत कोहळ्याला काय म्हणतात माहितीये? 'चालकुमडा'. चाल म्हणजे छप्पर. झोपडीच्या छपरावर वेल चढवणं तिथे इतकं रोजचं की भाजीचं नावच तसं पडलं. साहेबांनी ते पाहून ही कल्पना नेली असं मुळीच नाही, लंडनकरांना ती आपसूक सुचली. पण योगायोग मोठा आहे.

गंमत इथेच संपते. १९४३ मध्ये त्याच बंगालमध्ये दुष्काळ पडला. २० ते ३० लाख माणसं मेली. हिंदुस्थानातून धान्यासाठी जहाजांची मागणी लंडनला जात होती, आणि ज्या युद्ध मंत्रिमंडळात अँडरसन बसत होते ते मागितल्यापेक्षा फारच कमी देत होतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात मांडलं की धान्याच्या टंचाईपेक्षा लोकांची ते विकत घ्यायची ऐपत संपली, हे खरं कारण. भाव भडकले आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात तांदळापुरते पैसे उरले नाहीत.

छपरावरचे वेल तर दोन्हीकडे होते. पण मॅरो काय आणि कोहळा काय, जवळजवळ सगळं पाणीच. लंडनकर तगला कारण वेलामागे रेशनकार्ड होतं, आणि युद्धाच्या संपूर्ण काळात तिथे ब्रेडवर रेशन लागलं नाही. बंगालच्या झोपडीमागे तसं कुणीच उभं राहिलं नाही. 'आपली भाजी आपणच पिकवा' हा उपदेश चांगलाच आहे, पण तो करणाऱ्याने ताटातल्या भाताची सोयही बघायला हवी.

हे वाचल्यापासून बाल्कनीतल्या दुधीबद्दल फार बढाई मारवत नाही. मी तो हौस म्हणून लावलाय, भूक म्हणून नाही.

असो. कुणाला लावायचा असेल तर एक सांगतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि आमच्या उंचीवर पतंग फारसे फिरकत नाहीत. म्हणून ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आधी मी एक नर फूल तोडतो आणि मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच घासतो. मादी फुलाच्या मागे बोटभर दुधी आधीच दिसतो, त्यामुळे चूक होत नाही. पहिला दुधी आजीकडेच जाणार आहे. ती म्हणते, त्याचा हलवा कर. साखर तेवढी तिच्याकडून!