धाबं उतरलं, स्लॅब चढला

‘नियम धाब्यावर बसवले’ हे वाक्य बातम्यांत रोज दिसतं. त्यातलं धाबं प्रत्यक्ष पाहिलेले लोक मात्र कमी होत चाललेत. हायवेवरचा ढाबा वेगळा. हे धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छत. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात, आपल्या खानदेशात धाबं.

तलाव आणि बोरं यांसाठी ओळखलं जाणारं मेहरूण आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. अशा जुन्या गावठाणात घर नव्यानं बांधायचं ठरलं की पहिलं काम असतं धाबं उतरवण्याचं. ते उतरताना घराचा इतिहास थराथरानं खाली येतो.

सगळ्यात वर असते खारी माती. ती ओली झाली की तिचे बारीक कण फुगून फटी बुजवतात, त्यामुळे पाणी आत मुरत नाही, उतारानं पन्हळीकडे जातं. तिच्याखाली साधी माती, मग निंबाचा पाला आणि काड्या, मग फळ्या किंवा बल्ल्या. त्याखाली कड्या, आणि सगळा भार तुळया व खांबांवर. ज्याची ऐपत होती त्याच्या घराला सागवान, बाकीच्यांकडे निंब-बाभूळ. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं, हे खणांवरून सांगत.

हे छत इथल्या हवेला शोभणारं होतं. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. जाड मातीतून ऊन खाली उतरायला वेळ लागतो, म्हणून भर दुपारी खाली गारवा. वर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत आणि रात्री माणसं झोपत.

पण धाबं फुकट उभं राहत नव्हतं. दरवर्षी मृग लागायच्या आत जुनं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी खारी माती आणून पसरायची, चोपायची. पावसात गळायला लागलं तर रात्रीच वर चढून भोक दाबायचं. माती आणायला गाडी-बैल, टाकायला पुरुष, सारवायला बाया, आणि यातल्या कुणाच्याच मजुरीचा हिशेब नाही. एकत्र कुटुंब फुटलं, माणसं नोकरीला लागली, तेव्हा या फुकटच्या मजुरीला किंमत आली. धाबं जाण्याचं खरं कारण त्याचा कच्चेपणा नव्हे, ही मजुरी आहे.

मग सगळ्यांनी लगेच स्लॅब का टाकला नाही? कारण सिमेंट मिळत नव्हतं. ते सरकारी नियंत्रणाखाली होतं, परमिटवर मिळायचं. एका पोत्याची सत्ता किती मोठी होती पाहा: जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला, तो सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यामुळे. त्याच वर्षी केंद्रानं नियंत्रण अंशतः उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. सिमेंट दुकानात सहज मिळू लागलं, आणि स्लॅब साध्या घराच्याही आवाक्यात येऊ लागला.

दुसरं कारण भीतीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि वरून माळवदाची माती आली. हजारो माणसं झोपेतच गेली. दरवर्षी थरावर थर टाकून छत किती जड होतं, हे तेव्हा कळलं. हिशेब करा: दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरले तर साडेचार टन. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर तीन टनांच्या आसपास. मातीचं छत हलकं, हा आपला समजच खोटा. त्या भूकंपात दुसरी गोष्टही दिसली. जिथं छत भिंतींवर नव्हतं, लाकडी खणांच्या सांगाड्यावर होतं, अशी काही घरं भिंती पडूनही उभी राहिली.

म्हणून धाबं उतरवताना जाणता कारागीर आधी खालून टेकू देतो, कारण वाळवीनं आतून पोखरलेली तुळई बाहेरून धडधाकट दिसते. मग वरून माती काढतो, घमेल्या-घमेल्यानं, एकाच बाजूला ढीग न करता. शेवटी लाकूड. माती भरावाला किंवा शेतात जाते, सागवानाची दारं होतात. टाकून द्यावं असं फारसं काही उरत नाही. आणि सरकारी वर्गवारीत मात्र असं छत ‘कच्चं’.

धाबं परत आणा, असं ते चोपून हात दुखलेली आजी म्हणणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. पण उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. पंख्याखालीही झोप लागत नाही. म्हणून आता कित्येक घरांत मार्च-एप्रिलमध्ये कुणीतरी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन गच्चीवर चढतं, स्लॅब पांढरा करतं. पावसात चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा लावावा लागतो. छताचं वर्षाचं काम सुटलं म्हणून आपण स्लॅब टाकला होता. ते सुटलं नाही. मृगाआधीचं होतं, ते उन्हाळ्याआधी आलं एवढंच.