अदृश्य जखमेचा वाद

आगगाडीच्या अपघातांतून धडधाकट उतरलेले प्रवासी पुढें महिनोन्‌महिने डोकेदुखी, विस्मृति व निद्रानाश यांनीं गांजून जात. लंडनचे शस्त्रवैद्य एरिक्सन यांनीं १८६६ सालीं याचें कारण मज्जारज्जूस बसलेला हादरा हें ठरविलें. १८८३ सालीं हर्बर्ट पेज यांनीं त्यांचें खंडन करून भीति व मनःक्षोभ यांजकडे बोट दाखविलें. पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे शस्त्रवैद्य, आणि नुकसानभरपाईचा बोजा रेल्वे कंपन्यांवरच पडे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें! तथापि त्यांचें प्रतिपादन केवळ धन्याची चाकरी होतें असें आम्हांस वाटत नाहीं. एरिक्सन यांची तरी मुख्य मदार रोग्यांच्या लक्षणांवरच होती. दाव्याचा निकाल लागतांच असले पुष्कळ रोगी बरे होतात, असें १९६१ सालीं हेन्री मिलर यांनीं मांडलें व जुन्या संशयास पुनः बळ आलें. पुढें १९६८ सालीं ऑक्सफर्डचे डॉ. ओपनहायमर यांनीं, डोक्याचा मार किरकोळ समजला गेलेल्या कांहीं मृतांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. त्यांत मज्जातंतु तुटल्याच्या खुणा आढळल्या. जिवंत रोग्याच्या मेंदूच्या साध्या छायाचित्रांत त्या आजही बहुधा उमटत नाहींत, आणि न्यायालयांत डॉक्टर अद्याप दोन्ही बाजूंनीं उभे राहतात.