विमान अमेरिकेचं, चिप कुठली?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी तपकीर गल्लीतून एक मायक्रोकंट्रोलर घेतला होता. (पुण्याबाहेरच्यांसाठी: ही बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली. रेझिस्टरपासून रेडिओपर्यंत सगळं मिळतं.) शेजारच्या दुकानापेक्षा चाळीस रुपये स्वस्त पडला म्हणून आम्ही खूश. पण प्रोग्रॅम काही केल्या चढेना. तीन रात्री कोड तपासला, केबल बदलली, एकमेकांवर खापर फोडून झालं. शेवटी लॅबमधल्या काकांनी चिप हातात घेतली, कापसाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन चोळली, आणि वर छापलेला नंबर कापसावर उतरला! खाली दुसराच नंबर. काका म्हणाले, "पोरांनो, कोड बरोबर आहे. चिप खोटी आहे."

आमचं नुकसान चाळीस रुपये वाचवण्याच्या नादात तीन रात्री एवढंच. पण हेच सगळं अमेरिकेच्या नौदलाबरोबर झालं तेव्हा तिथल्या संसदेला कायदा करावा लागला. गेल्या आठवड्यात ऑफिसात एका अमेरिकन क्लायंटची मेल आली: बोर्डवरचा प्रत्येक भाग कुठे बनला आणि कोणाकडून घेतला याची यादी पाठवा. माझं काम सॉफ्टवेअरचं, पण यादी करायला मला बसवलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

"लष्करासाठी परदेशी इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं नाही" हा नियम ऐकायला एकदम सरळ वाटतो ना? इतिहास बघितला की कळतं तो किती वाकडा आहे.

सुरुवातीला अशा नियमाची फारशी गरजच नव्हती. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने आणि १९५९ मध्ये फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइसने आयसीची कल्पना मांडली, तेव्हा ती विकत घेणार कोण? एका आयसीला पन्नासेक डॉलर. रेडिओवाले कशाला घेतील! घेतली ती सरकारने. १९६२ साली अमेरिकेत बनलेल्या जवळपास सगळ्या आयसी सरकारी कामांत गेल्या. मिनिटमन-२ क्षेपणास्त्राचा आणि अपोलो यानाचा संगणक ही त्यातली मोठी गिऱ्हाइकं. कारखाने टेक्सास-कॅलिफोर्नियात आणि गिऱ्हाईक जवळपास एकच. ते म्हणेल तशी चिप, म्हणेल त्या तपासण्या. 'जॅन' नावाचा शिक्का असलेली चिप तर अमेरिकेतच घडवायची, तिथेच जोडायची आणि तिथेच तपासायची असा दंडक होता.

(गंमत बघा. १९४१ पासून अमेरिकेत बेरी अमेंडमेंट नावाची तरतूद आहे. तिच्यामुळे सैनिकाचं अन्न, कपडे, कापड हे सगळं अमेरिकनच लागतं. म्हणजे मोजे कुठले असावेत हे कायद्यात होतं, चिपचं नाव नव्हतं.)

पण आयसी स्वस्त झाली. १९६८ पर्यंत किंमत अडीच डॉलरच्या खाली आली, आणि मग कॅल्क्युलेटर, घड्याळं, टीव्ही सगळेच रांगेत. फेअरचाइल्डने तर १९६३ मध्येच हाँगकाँगला जोडणीचा कारखाना टाकला होता, कारण तिथली मजुरी कमी. लष्कराचं गिऱ्हाईकपण हळूहळू आटत गेलं. एकेकाळी जवळजवळ शंभर टक्के असलेला वाटा या शतकाच्या सुरुवातीला एक टक्क्याच्या आसपास आला. माझ्या मते सगळी गोष्ट या एका आकड्यात आहे. शंभर टक्क्यांचं गिऱ्हाईक अटी घालतं. एक टक्क्याच्या गिऱ्हाइकाला दुकानदार म्हणतो, "घ्यायचं तर घ्या साहेब, नाहीतर पुढे व्हा."

बरं, देशी म्हणजे भरवशाचं, असंही नाही. १९८४ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टर या अस्सल अमेरिकन कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. लष्कराला दिलेल्या चिपच्या ठरलेल्या तपासण्या पूर्ण न करताच केल्या असं दाखवलं होतं. एकूण साडेसतरा लाख डॉलर भरावे लागले.

ऐंशीच्या दशकात भीती जपानची होती. मेमरी चिपचा बाजार जपानी कंपन्यांनी काबीज केला. १९८७ मध्ये पेंटॅगॉनच्या सल्लागार मंडळाने अहवाल दिला की आपली शस्त्रं परदेशी चिपवर अवलंबून होत चालली आहेत. त्याच वर्षी सेमाटेक ही संस्था निघाली, चौदा कंपन्या एकत्र, वर्षाला दहा कोटी डॉलर सरकारचे. प्रमुख म्हणून आले तेच रॉबर्ट नॉइस. फुजित्सू फेअरचाइल्ड विकत घेणार होती, त्यावरही इतका आरडाओरडा झाला की १९८७ मध्ये तिने माघार घेतली. (फेअरचाइल्ड तेव्हा फ्रेंच मुळाच्या श्लूंबर्जेच्या मालकीची होती, म्हणजे आधीच परदेशी हातात! पण हे कोण बघतो.)

आणि मग १९९४. शीतयुद्ध संपलेलं, बजेट कापलेलं. संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी जूनमध्ये एक पत्रक काढलं: खास लष्करी स्पेसिफिकेशन्सचा हट्ट सोडा, जमेल तिथे बाजारात मिळतं तेच घ्या. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. उणे पंचावन्न ते सव्वाशे अंश सेल्सिअसमध्ये चालणाऱ्या सिरॅमिक पॅकेजातल्या चिप महाग पडत होत्या, आणि बाजारातल्या साध्या चिप त्यांच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. पण त्यातून एक नवीच अडचण आली. बाजारातली चिप दोन-चार वर्षांत बंद होते. विमान? शेवटचं बी-५२ १९६२ मध्ये बनलं आणि ते विमान अजून उडतंय.

म्हणजे विमान आहे, बोर्ड आहे, बोर्डवरची चिप जळली आहे आणि ती बनवणाऱ्या कंपनीने कधीच तिचं उत्पादन थांबवलंय. आता काय करणार? नवीन बोर्ड डिझाइन करून परत सर्टिफिकेशन करायचं म्हणजे पैसा आणि वर्षं. त्यापेक्षा कुणाकडे जुना स्टॉक आहे का बघू. इथे दलाल येतो. हा त्याच्याकडून घेतो, तो तिसऱ्याकडून, आणि साखळीचं शेवटचं टोक बऱ्याचदा शेन्झेनमध्ये.

तिथे काय चालायचं ते २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे आलं. जगभरातला ई-कचरा दक्षिण चीनमध्ये शान्तोऊ भागात यायचा. बोर्ड आगीवर धरून चिप सोडवायच्या, नदीत धुवायच्या, फुटपाथवर वाळवायच्या. मग वरचा नंबर घासून काढायचा, काळा थर द्यायचा, नवा नंबर आणि नवी तारीख छापायची. (वाचताना आमच्या काकांचा कापूस आठवला.) कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, दोघांनी मिळून ही चौकशी चालवली. २००९ आणि २०१० या दोन वर्षांत त्यांना संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणं सापडली, एकूण भाग दहा लाखांच्या वर. ज्यांचा माग शेवटपर्यंत काढला, त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त चीनला पोचले.

त्यातली दोन प्रकरणं मी दोनदा वाचली. सी-१३०जे विमानाच्या कॉकपिटमधले डिस्प्ले. त्यातली मेमरी चिप कंपनीच्या चाचणीत नापास होण्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं, म्हणून शंका आली. चिप सॅमसंगची म्हणून घेतलेली, निघाली बनावट. दुसरं पी-८ए पोसायडन, पाणबुड्या शोधणारं विमान. पंखांवर बर्फ साठतंय का ते सांगणाऱ्या यंत्रणेतला एक भाग २००९ च्या डिसेंबरमध्ये सॉकेटमधून चक्क निसटला आणि डब्याच्या आत खुळखुळताना सापडला. वापरलेला भाग नवा म्हणून विकला होता. नौदलाला हे लेखी कळलं २०११ च्या ऑगस्टमध्ये. मधली दीडेक वर्षं कागद एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत होते. हे वाचताना मला खोट्या चिपपेक्षा त्या दीड वर्षाचा जास्त राग आला.

सी-१३०जे आपल्या हवाईदलात २०११ पासून हिंडनला आहे. पी-८ चा भारतीय भाऊ पी-८आय नौदलाकडे २०१३ पासून आहे. त्यामुळे ही काही फक्त "त्यांची" बातमी नव्हे.

अमेरिकेच्या सरकारी ऑडिटवाल्यांनी तर धमालच केली. खोटी कंपनी काढली आणि इंटरनेटवर लष्करी भागांची ऑर्डर दिली. तपासलेले बाराच्या बारा भाग संशयित बनावट. त्याशिवाय त्यांनी अस्तित्वातच नसलेले पार्ट नंबर मनाने रचून मागवले. तेही आले! जी चिप जगात कुणी बनवलीच नाही, ती चार वेळा घरपोच मिळाली.

३१ डिसेंबर २०११ ला सही झालेल्या संरक्षण कायद्याच्या कलम ८१८ मध्ये यावर उपाय आला. मला ते कलम आवडतं, कारण त्याने "चीनकडून घेऊ नका" एवढंच म्हणून विषय संपवला नाही. शक्यतो मूळ कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत वितरकाकडून घ्या, आणि बनावट भाग निघाला तर बदलायचा खर्च सरकारकडून मागू नका, असं त्यात होतं. भाग कुठला यापेक्षा तो कोणकोणाच्या हातांतून आला हे विचारलं.

नुसत्या मालकाच्या देशावर भरवसा ठेवला की काय होतं त्याचा नमुनाही तिथलाच. २००४ मध्ये पेंटॅगॉनने आयबीएमच्या कारखान्यांना 'विश्वासू फाउंड्री'चा दर्जा दिला, म्हणजे गुप्त कामाच्या चिप तिथे. २०१४ मध्ये आयबीएमने जाहीर केलं की हा धंदा परवडत नाही. ग्लोबलफाउंड्रीजने तो घ्यावा म्हणून आयबीएमनेच वर दीडशे कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये व्यवहार पुरा झाला. कारखाने न्यूयॉर्क-व्हरमाँटमध्येच राहिले, पण नव्या कंपनीची मालकी अबूधाबी सरकारच्या गुंतवणूक संस्थेकडे होती!

आता आपल्याकडे येऊ. जुलै २०२० मध्ये, गलवाननंतर, केंद्राने नियम केला की ज्या देशांशी आपली जमिनीची सीमा लागते तिथल्या कंपन्यांना सरकारी टेंडर भरायला आधी नोंदणी लागेल. पण हा नियम टेंडर भरणाऱ्याकडे बघतो. नोएडाची किंवा पुण्याची कंपनी चिनी फ्लाइट कंट्रोलर आणून ड्रोन जोडत असेल तर टेंडर भरणारी कंपनी भारतीयच. 'स्वदेशी'ची टक्केवारी आहे, २०२० च्या संरक्षण खरेदी पद्धतीत सगळ्यात वरच्या वर्गाला किमान पन्नास टक्के, पण ती किमतीवर मोजतात. सांगाडा, मोटर, बॅटरी, पंखे धरले की कंट्रोलरची चिप किंमतीत कुठल्या कुठे जाते. आणि ड्रोन कुठे वळणार ते ठरवते मात्र तीच. २०२५ च्या फेब्रुवारीत लष्कराने सुमारे २३० कोटींची, ४०० ड्रोनची कंत्राटं रद्द केली. कारण चिनी भाग. बरं झालं रद्द केली, पण ते ड्रोन ज्या चौकीवर सामान पोचवणार होते, तिथल्या जवानाला ते वेळेवर मिळाले नाहीत हेही खरंच.

आमच्या यादीचं सांगायचं राहिलं. त्या मेलच्या मुळाशी अमेरिकेच्या २०२३ च्या संरक्षण कायद्यातलं कलम ५९४९ होतं. डिसेंबर २०२७ पासून एसएमआयसी, वायएमटीसी, सीएक्सएमटी या चिनी कंपन्यांच्या चिप असलेलं सामान तिथल्या सरकारी खरेदीत अडणार. आमच्या बोर्डवर २१४ भाग आहेत. २०९ चा पत्ता दोन दिवसांत लागला. उरलेल्या पाचांसाठी व्हेंडरला फोन केला तर म्हणाला, "सर, बिल आहे ना तुमच्याकडे? मग कशाला काळजी करता?" सोमवारी परत फोन करायचाय. कापूस आणि थिनर मात्र मी आजच आणून ठेवलंय.

(पुढच्या शनिवारी मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सला १९८९ मध्ये लागलेल्या आगीबद्दल. वेळ मिळाला तर.)